गजांमधून वाचलेली बाग: बागांच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
शहरातल्या बागांचा कारभार ज्यांच्या सहीनं चालतो ते सर्व साहेब आणि मॅडम,
कोल्हापूर.

विषय: आमच्या बागेचं कुलूप.

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त कंपॉझिटर. अर्धं आयुष्य छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात गेलं, उरलेलं संगणकावर. त्यामुळं कुठलीही पाटी दिसली की आधी तिच्यातल्या चुका दिसतात, हा जुना रोग आहे. आमच्या घराजवळच्या बागेच्या फाटकावर आपण जी पाटी लावली आहे, तिच्यात तीन चुका आहेत. ‘सुशोभीकरण’ मधला भी ऱ्हस्व काढलाय. ‘नागरिक’ मधली रि दीर्घ केलीय. तिसरी चूक व्याकरणाची नाही: काम कधी संपणार, ती तारीखच पाटीवर नाही. पाटी लागली फेब्रुवारीत. हे पत्र मी नोव्हेंबरच्या शेवटी लिहितोय.

बागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की ही एका बागेची तक्रार होऊन एका टेबलावर जाऊन बसेल. ज्यांनी कुलूप लावलंय त्यांना ते कुठलं हे ठाऊक आहेच, आणि बाकीच्या पेठांतले लोक आपापली बाग ओळखतील.

नऊ महिने गप्प बसलो आणि आत्ताच का बोलतोय, ते सांगतो.

भाऊबीज झाली आणि आमचे व्याही नि विहीणबाई चार दिवसांसाठी आले. निफाडकडची माणसं. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आमच्याकडं आली. कोल्हापूरकराच्या घरी पाहुणा येणार म्हणजे काय होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पाहुणा स्टँडवर उतरायच्या आधीच आम्ही त्याला निम्मं गाव बोलण्यात दाखवून टाकलेलं असतं. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, तांबडा-पांढरा, जाताना चपलांचा जोड. मीही फोनवर हे सगळं अगदी रंगवून सांगून ठेवलं होतं.

पहिल्याच जेवणाला कळलं की व्याह्यांनी गेल्या वर्षी माळ घातली. तांबडा गेला, पांढराही गेला. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालेलं, म्हणजे जोतिबाच्या पायऱ्या गेल्या. पन्हाळ्यावर गाडी जाते हो, पण तीन दरवाजा काय गाडीच्या काचेतून दाखवायचा? अंबाबाईच्या दारातली सुट्टीची रांग बघून विहीणबाई स्वतःच म्हणाल्या, मुखदर्शन घेऊ, आई समजून घेईल. हातातले सगळे हुकमी एक्के दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत संपले.

तेव्हा व्याह्यांनी विचारलं, “तुम्ही स्वतः कुठं जाऊन बसता?”

साहेब, दाखवायच्या जागा मला पाढ्यासारख्या पाठ होत्या. बसायच्या जागेचं विचारल्यावर मात्र मी अडखळलो. मग सवयीनं पाय वळले ते आमच्या बागेकडंच. कुलूप आहे हे माहीत होतं. वाटलं, दिवाळीच्या सुट्टीत तरी उघडलं असेल.

नव्हतं उघडलं. फाटकाबाहेर फुटपाथवर बुचाच्या फुलांचा सडा पडला होता. विहीणबाई कठड्यावर टेकल्या, पदरात फुलं गोळा केली आणि लांब देठ एकमेकांत गुंफून दोऱ्याशिवाय वेणी करत बसल्या. व्याही आयुष्यभर विज्ञानाचे शिक्षक. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि लोखंडी गजांमधून आत बघत झाडांची नावं लिहायला लागले. सातवीण. करंज. बहावा. ताम्हण (“हे तर महाराष्ट्राचं राज्यफूल, तुमच्या दारात आहे!”). कांचन. पर्जन्यवृक्ष. एकेक गज सोडून पुढं सरकत होते. सत्तावीस नावं झाली. मी साठ वर्षं त्या बागेत जातोय. मला त्यातली सहा माहीत होती.

त्या पर्जन्यवृक्षाखालच्या बाकावर मी किती दुपारी झोपलोय त्याचा हिशेब नाही. छापखान्याला रात्रपाळी असायची. घर दोन खोल्यांचं, माणसं आठ, वर पत्रा. सकाळी अंघोळ-जेवण उरकून मी बागेत यायचो आणि चारपर्यंत ताणून द्यायचो. तेव्हा तिथं एक माळी होते. पाइपानं पाणी मारताना माझ्या बाकापाशी आले की धार बाजूला घ्यायचे. थोरल्या लेकीनं पहिली पावलं टाकली ती त्या हिरवळीवर. आमच्या पेठेतल्या फुटबॉलच्या पोरांनी मॅच जिंकल्यावर तिथलाच दिवा फोडला, तोही मी बघितलाय. तेव्हा माझा जीव या बागेत का अडकलाय, ते आपल्या लक्षात येईल.

बाग बंद, म्हणून मग पाहुण्यांना बाकीच्या बागा दाखवायला निघालो, आणि चार दिवसांत माझंच गाव मला नव्यानं दिसलं. त्याचं श्रेय व्याह्यांचं आणि त्या दुखऱ्या गुडघ्याचं. हळू चालणाऱ्या माणसाबरोबर गाव वेगळंच दिसतं.

टाउन हॉलची बाग घ्या. सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या समोर असल्यानं आम्ही तिथं जातो ते बहुतेक कुणीतरी दवाखान्यात असताना. पेशंटचे नातेवाईक झाडाखाली डबा सोडून बसलेले असतात. मी तेवढंच बघत आलो होतो. व्याह्यांनी मान वर केली. उंच झाडांच्या फांद्यांना वटवाघळं लटकलेली, आणि त्यांच्यामागं १८७२ ते १८७६ मध्ये बांधलेली ती टोकदार छपरांची इमारत. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. नवा राजवाडाही त्यांचाच. आत संग्रहालयात गेलो. ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती बघून व्याही तिथून हलेनात. ग्रीकांचा समुद्रदेव, रोमशी व्यापार चालायचा त्या काळात आमच्या पंचगंगेच्या काठी आलेला. “समुद्र इथून किती लांब!” एवढंच ते दोनदा म्हणाले. बाहेर आल्यावर बागेतल्या बाकावर आम्ही तासभर त्यावरच बोलत बसलो. संग्रहालयाला बाग का लागते, हे मला त्या तासात कळलं. बघितलेलं पचवायला जागा लागते. रंगबहार संस्थेची ‘मैफल रंगसुरांची’ याच झाडांखाली भरते, चित्रकार चित्र काढत असतात आणि शेजारी गाणं चालू असतं, हे सांगितल्यावर विहीणबाई म्हणाल्या, मग आम्हाला दिवाळीत कशाला बोलावलंत, तेव्हाच बोलवायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळी रंकाळा. धुकं होतं. रंकाळ्याबद्दल मी लिहायला लागलो तर पत्र संपणार नाही, म्हणून एकच सांगतो. आदल्या दिवशी टाउन हॉलमध्ये अबालाल रहिमान यांची चित्रं बघितली होती. संध्यामठ, रंकाळ्याचं पाणी, कोटीतीर्थ हे त्यांचे विषय. शाहू महाराज गेल्यावर अबालालांनी आपली चित्रं कोटीतीर्थात सोडून दिली, असं जुनी माणसं सांगतात. ते ऐकून व्याही पाण्याकडं बघत गप्प उभे राहिले. तेवढ्यात केंदाळाचा एक हिरवा पट्टा काठाला लागलेला दिसला आणि मी घाईघाईनं त्यांना शालिनी पॅलेसकडं वळवलं. यजमान म्हणून हे मला चार दिवसांत पुष्कळदा करावं लागलं. पाहुण्याचा खांदा धरून तोंड दुसरीकडं फिरवायचं.

महावीर उद्यानात सकाळची गर्दी बघून त्यांना बरं वाटलं. विद्यापीठाच्या ८५३ एकरांत मोर दिसला, तोही रस्ता ओलांडताना. नर्सरी बागेत शाहू महाराजांच्या समाधिस्मारकापाशी विहीणबाईंनी पायातलं काढून नमस्कार केला आणि ती बुचाची वेणी तिथं ठेवली.

आता तक्रारी. त्या पाहुण्यांसमोर मला बोलता आल्या नाहीत.

पहिली अर्थातच कुलपाची. मार्चात मी साधा अर्ज दिला, पोच मिळाली. जूनमध्ये माहिती अधिकारात विचारलं. २००५ चा कायदा तीस दिवसांत उत्तर द्यायला सांगतो. मला त्रेचाळीसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं, “काम प्रगतीपथावर आहे.” (प्रगतिपथावर. ति ऱ्हस्व.) प्रगती अशी की आत वाळूचा एक ढीग आहे आणि त्यावर आता तण उगवलंय. पोरं गजांवरून उडी मारून आत जातात. म्हणजे बाग बंद आहे ती फक्त म्हाताऱ्यांना, बायकांना आणि गुडघे दुखणाऱ्यांना.

दुसरी तक्रार फरशीची, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. बाग बंद व्हायच्या आधी जेवढं काम झालं, त्यात झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंटचे ब्लॉक बसवले. पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला तर गळ्याला फास बसावा तसा कट्टा बांधलाय. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते, हे व्याह्यांनी मला गजांबाहेर उभं राहून समजावलं. पाणी मुरत नाही, बुंधा जाड व्हायला जागा राहत नाही, मुळं कुजतात, आणि मग वळवाच्या पहिल्या वाऱ्यात झाड गाडीवर पडतं. मग आपण म्हणतो, झाड धोकादायक होतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. कोल्हापूरच्या झाडांची मुळं दिल्लीच्या झाडांपेक्षा वेगळी नसावीत.

आणि मातीचं काय असतं हे कोल्हापूरला कुणी शिकवायचं? १९१२ साली शाहू महाराजांनी खासबागचं कुस्तीचं मैदान बांधलं ते मातीसाठी. मधे माती, भोवती माणसं. आमच्या तालमीतली माती अजून ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळतात. पोरगं हौद्यात उतरताना आधी मातीला हात लावून कपाळाला लावतं. ज्या गावात मातीला ताक पाजतात, त्या गावात बागेतली माती फरशीखाली गाडायची? तळी बुजवायची तर आपल्याकडं जुनीच सवय. कपिलतीर्थावर मंडई आली, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. आता निदान बागेतली माती तरी उघडी ठेवा. राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे इथल्या पोरालाही पाठ आहेत. बागेनं पंचगंगेचा पूर अडत नाही, एवढं मलाही कळतं. पण जुलैतल्या एका जोराच्या सरीत आमच्या गल्लीत घोट्याएवढं पाणी साचतं ते काही नदीतून आलेलं नसतं. पूर्वी त्यातलं थोडंफार बागेत मुरायचं. आता बागेतूनच बाहेर रस्त्यावर येतं.

तिसरी तक्रार लिहायला संकोच वाटतो, पण आमच्या सौ. म्हणाल्या, तुम्ही नाही लिहिलंत तर मी लिहीन. चार दिवसांत जिथं जिथं गेलो तिथं विहीणबाईंना घेऊन सौ.ना आधी एकच गोष्ट शोधावी लागली. एके ठिकाणी स्वच्छतागृह होतं, त्याला कुलूप होतं, आणि किल्ली “आत्ताच इथं होता” अशा कुणाकडं तरी होती. शेवटी अर्ध्या वाटेतून रिक्षा करून घरी परतलो. त्यानंतर विहीणबाईंनी बाहेर पडताना पाणी पिणं बंद केलं. पाहुणचाराचा एवढा अपमान माझ्या घरात आजवर झाला नव्हता. आणि त्या पाहुण्या तरी आहेत, चार दिवसांनी गेल्या. भाजी विकणाऱ्या, घरकामाला जाणाऱ्या, पेशंटबरोबर आलेल्या बायका रोज काय करत असतील?

वेळेचं थोडक्यात सांगतो. बंद व्हायच्या आधी आमच्या बागेला सकाळी दहा ते दुपारी चार कुलूप असायचं. कारण विचारलं तर “दुपारी रिकामटेकडे येतात.” साहेब, मीच तो रिकामटेकडा. रात्रभर दुसऱ्या दिवशीचं तुमचं वर्तमानपत्र जुळवून आलेला. ऊन डोक्यावर असताना सावलीला कुलूप लावायचं, यातला हिशेब मला अजून लागलेला नाही.

दिव्यांच्या माळा झाडांना खिळे ठोकून बांधल्यात, त्या काढा. रात्री फुलणारी किती तरी झाडं वटवाघळांच्या भरवशावर असतात, आणि त्यांना अंधार लागतो. पालापाचोळा कोपऱ्यात पेटवतात, खरं तर त्याचं खत होतं. आणि फुलांचे वाफे काढून तिथं मोठाली इंग्रजी अक्षरं उभी करायची योजना आहे असं ऐकतो, गावावर प्रेम आहे हे सांगणारी. प्रेम आहे हे आम्ही दिवसातून दहा वेळा म्हणतो, ‘जगात भारी’ गाडीच्या मागं लिहून फिरतो. त्याला लोखंडी अक्षरं कशाला?

आमच्या बाजूचंही कबूल करतो. बाकावर मध्यरात्री केक कापून पुठ्ठे तिथंच टाकणारे आमचेच. बुंध्यावर मावा थुंकणारे आमचेच. नळ चोरणारा बाहेरगावाहून आला नव्हता. पण पूर्वी माळी होते तेव्हा हे कमी होतं. पोरांना लाज वाटायची म्हणून नव्हे, माळ्यांना पोरांची नावं ठाऊक होती म्हणून. “तुझ्या वडलांना सांगू का रे?” एवढ्यावर काम व्हायचं. ते निवृत्त झाले, जागा भरली नाही, आणि मग जो आला तो ठेकेदार. ठेकेदार बागेत येतो तो बिल निघेपर्यंत. बागेला माणूस रोज लागतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना फारसा पैसा लागत नाही.

फाटकावर तारीख लिहा. काम संपायची, आणि नाही संपलं तर नवी तारीख आणि कारण. तोवर निम्मी बाग उघडा; वाळूच्या ढिगाभोवती दोरी बांधली तरी चालेल.

झाडांच्या बुंध्याभोवतीचे ब्लॉक काढून हातभर तरी माती मोकळी करा. पहार आणि दोन माणसं, दोन दिवसांचं काम आहे. पावसाळ्याआधी करा.

एक कायम माळी द्या. त्याचं नाव फाटकावर लिहा.

स्वच्छतागृह बाग उघडी असेल तोवर उघडं राहील, पाणी असेल आणि आतून कडी लागेल, एवढं बघा. बाग पहाटे पाच ते रात्री नऊ, मधे कुलूप नाही.

पुढं कुठल्याही बागेत काही बांधायचं, काढायचं, तोडायचं असेल तर आधी त्या पेठेतल्या लोकांना बागेतच बोलवून आराखडा दाखवा. झाडाला हात लावायचा तर १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहेच. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांपुढच्या झाडांना वारसा वृक्ष म्हटलंय. आमचा पर्जन्यवृक्ष मी तरुणपणापासून एवढाच मोठा बघतोय, त्याचं वय मोजून घ्या.

आणि झाडांना नावाच्या पाट्या लावा. मराठीत. हे काम मी फुकट करून देतो. मजकूर जुळवून, तपासून, ऱ्हस्व-दीर्घ नीट करून. पत्रा आणि रंग तेवढा आपला. खिळा मात्र ठोकायचा नाही, पाटी जमिनीत रोवायची.

यादी तयार आहे. जाताना व्याह्यांनी वहीतलं पान फाडून माझ्या हातात दिलं. सत्तावीस नावांपैकी दोन नावांपुढं त्यांनी प्रश्नचिन्ह टाकलंय. ती दोन झाडं बागेच्या मधोमध आहेत, गजांमधून नीट दिसत नाहीत, आणि मला विचारलं तर मला सांगता आलं नाही. त्यांचं म्हणणं, चैत्रात फूल बघितलं की लगेच सांगतो. चैत्रात ते दोघं पुन्हा येणार आहेत.

आपला,
फाटकाबाहेरचा एक निवृत्त कंपॉझिटर